घोडं आत घेताना घ्यायची काळजी

"माझ्या कम्प्युटरमध्ये कुणीतरी घुसलं," असं लोक सांगतात तेव्हा मला त्यांच्या विनयाचं कौतुक वाटतं. घुसलं कसलं? सगळी मेहनत स्वतः करायची आणि श्रेय मात्र कुठल्यातरी हॅकरला देऊन मोकळं व्हायचं! वर्म आपलं आपण नेटवर्कवरून पसरतं, व्हायरस दुसऱ्या फायलींना चिकटत फिरतो. ट्रोजन, म्हणजे ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून नाव पडलेलं आपलं घोडं, त्या बिचाऱ्याला यातलं काहीच जमत नाही. ते एखाद्या कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन कुठेतरी पडून असतं आणि कुणीतरी डबल क्लिक करील म्हणून वाट पाहतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. तुम्ही हात आखडता घेतलात तर हा सगळा धंदा बसेल. तसं होऊ नये म्हणून चार अनुभवाचे शब्द.

सुरुवात क्रॅकपासून करावी, तीच रीत आहे. सॉफ्टवेअर महाग, तुम्हाला लागणार एकदाच, आणि इंटरनेटवर कुणी अनोळखी सद्गृहस्थ रात्रीचा दिवस करून ते फोडून तुम्हाला फुकट देतो. का देतो, असा कद्रू प्रश्न मनात आणू नये. फाइल झिप असते आणि तिला पासवर्ड असतो, बहुधा १२३४, तोही शेजारीच छापलेला. पासवर्ड जगजाहीर करायचा तर तो घातलाच कशाला, हेही विचारू नये. तो तुमच्यासाठी नसतोच. पासवर्ड असला की वाटेतल्या स्कॅनरला झिपच्या आत डोकावता येत नाही, म्हणून तो घातलेला असतो.

झिप उघडली की आत एक सेटअप आणि एक रीडमी. रीडमीत लिहिलेलं असतं, "आधी अँटिव्हायरस बंद करा. तो आरडाओरडा करील, पण ते फॉल्स पॉझिटिव्ह आहे." म्हणजे खोटी हाकाटी. इथे तुमच्यातल्या आज्ञाधारक माणसाचं दर्शन घडतं. ज्या अँटिव्हायरसचे पैसे तुम्ही भरलेत त्याच्यावर विश्वास नाही, आणि ज्यानं स्वतःचं नावही सांगितलेलं नाही त्याच्या चार ओळींच्या टेक्स्ट फायलीवर मात्र आहे. बंद करा. मग सेटअप चालवा. आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअर खरोखर सुरू होतं! बरीचशी घोडी आपलं वरचं काम चोख बजावतात, कारण जे चालतं त्याच्याबद्दल कुणी शंका घेत नाही. गंगेत घोडं न्हालं म्हणून तुम्ही हात झटकता आणि कामाला लागता. तेही लागतं.

रीडमी वाचली, आता तिथेच थांबावं. लायसन्स वाचण्याच्या फंदात पडू नये. ही परंपरा फार जुनी आहे आणि तिला आद्यपुरुषही लाभलेला आहे. डिसेंबर १९८९मध्ये जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालानं जगभर पाठवल्या. फ्लॉपीत प्रश्नावली होती आणि ती नीट चालायची. मागच्या बाजूनं तिनं डॉसची (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमची) ऑटोएक्झेक नावाची, कम्प्युटर सुरू होताच चालणारी फाइल बदललेली असायची. कम्प्युटर किती वेळा सुरू झाला ते मोजत मोजत साधारण नव्वदाव्या वेळी ती फायलींची नावं गुंडाळून ठेवायची आणि पनामातल्या एका पोस्टाच्या पेटीवर १८९ डॉलर पाठवा म्हणायची. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा की सोबतच्या लायसन्सच्या कागदावर हे जवळपास स्पष्ट छापलं होतं: पैसे भरले नाहीत तर तुमचा कम्प्युटर नीट चालणार नाही. आता इतक्या प्रामाणिक माणसाला फसवा म्हणणं म्हणजे कमाल झाली.

ईमेलमधून येणाऱ्यांविषयी थोडक्यात. विंडोज फायलींची एक्स्टेन्शनं, म्हणजे नावाच्या शेवटची प्रकार सांगणारी अक्षरं, मुळातच लपवून ठेवतं, ती सेटिंग तशीच राहू द्या. त्यामुळे प्रोग्रामची खूण असलेलं शेवटचं 'ईएक्सई' झाकलं जातं आणि वर दिसतं ते फक्त 'बिल.पीडीएफ'. मे २०००मध्ये प्रेमपत्राच्या नावाची जी फाइल जगभर फिरली ती वर्म होती, पण सोंग हेच: पुढे 'टीएक्सटी', मागे लपलेलं 'व्हीबीएस', म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. वर्डच्या फायलीत पिवळी पट्टी दिसली की 'एनेबल कंटेंट' दाबत जा. अर्थात २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो, म्हणजे त्या बटणानं चालणारे आतले छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टनं आपणहून अडवायला सुरुवात केली आणि ही मजा बरीचशी गेली. काही लोकांना कुणाचं सुख बघवत नाही.

पण एक दार बंद झालं म्हणून खचायचं कारण नाही. २०२४पासून जी नवी पद्धत जोरात आहे तिनं तर माझे डोळेच दिपले. एखाद्या पानावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट येते. आजवर तुम्ही सिग्नल ओळखलेत, बसगाड्या ओळखल्यात. इथे तसलं काही नाही. तीन पायऱ्या: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. चौकटीवर क्लिक केलंत त्याच क्षणी त्या पानानं एक कमांड गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर टाकलेली असते. पहिल्या पायरीनं रनची खिडकी उघडते, दुसरीनं कमांड तिच्यात उतरते, तिसरीनं ती चालते, आणि विंडोजचं कमांड चालवणारं साधन, पॉवरशेल, सांगितलेल्या पत्त्यावरून घोडं घेऊन येतं. रनची ती खिडकी अरुंद असते, कमांडचा सगळा पसारा डावीकडे सरकून दिसेनासा होतो आणि समोर उरतं फक्त शेवटचं टोक. त्या टोकाला मुद्दाम लिहिलेलं असतं, 'मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक'. केवढी ही काळजी! आणि सिद्धही झालंच की तुम्ही माणूस आहात ते. रोबोटनं असं केलं नसतं.

मॅकवाल्यांना उगाच हुरळून जायचं कारण नाही. २०१२मध्ये फ्लॅशबॅकनं सहा लाखांवर मॅक गाठले होते, आणि त्याची सुरुवात फ्लॅश प्लेअरच्या नकली इन्स्टॉलरपासून झाली होती.

मधूनच स्क्रीन काळवंडते आणि विंडोज विचारतं, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? व्हिस्टापासून हा प्रश्न येतोय, आणि 'हो'चं बटण कुठे असतं हे तुमच्या बोटाला डोळ्यांआधी कळतं. खालचं 'प्रकाशक: अज्ञात' वाचायला थांबू नका. एका 'हो'मध्ये तुम्ही त्याला संपूर्ण कम्प्युटरचे अधिकार देता. त्यानंतर ते डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, वगळायच्या यादीत स्वतःच्या फोल्डरचं नाव घालून घेतं. डिफेंडर पुढेही रोज स्कॅन करतो, हिरवी खूण दाखवतो, तुम्ही समाधानानं झोपता. सगळे खूश.

आता खरं कौशल्य. आत येणं सोपं, टिकणं अवघड. कम्प्युटर बंद झाला की मेमरीतलं सगळं जातं, आणि रोज सकाळी तुम्हाला नव्यानं डबल क्लिक करायला लावणं बरं दिसत नाही. म्हणून घोडं स्वतःची एक प्रत ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. हे फोल्डर लपवलेलं असतं आणि तिथे लिहायला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. मग रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, रन नावाच्या कीखाली एक ओळ: लॉग-इन झालं की हा प्रोग्राम चालव. बस, एवढंच. पॉपच्या फ्लॉपीनं ऑटोएक्झेकमध्ये जे केलं, तेच.

ही ओळ टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत दिसू शकते, आणि इथे तुमची मदत लागते. प्रत्येक सॉफ्टवेअरला स्टार्टअपमध्ये बसू द्या. चॅटचं ॲप, क्लाउडवाला, प्रिंटरचा अपडेटर, तो प्रिंटर विकून टाकला तरी त्याचा अपडेटर. पंचवीस जणांच्या गर्दीत सव्विसावा कोण, हे पाहायला कुणाला वेळ आहे?

शहाणं घोडं एकाच खुंट्यावर विसंबून राहत नाही. टास्क शेड्युलरमध्ये ते 'सिस्टिम अपडेट' छाप नावानं एक काम लावून ठेवतं. ते काम थोड्याथोड्या वेळानं उठून पाहतं, फाइल जागेवर आहे ना. नसेल तर पुन्हा उतरवून घेतं. अधिकार मिळाले असतील तर सर्व्हिस म्हणून नोंद होते, म्हणजे तुम्ही लॉग-इन करायचीही वाट पाहायला नको. काही जण दोन प्रोसेस चालवतात आणि एकीला मारलं की दुसरी तिला उठवते. नावाचंही बघा. विंडोजमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाच्या खऱ्या प्रोसेस डझनांनी चालू असतात. त्यांत व्ही आणि सी यांची अदलाबदल केलेली एखादी मिसळली तर डोळ्यांत तेल घालून बसलेल्यालाही ती सापडत नाही. खरी सिस्टिम३२ फोल्डरमधून चालते आणि खोटी बहुधा भलतीकडून, पण त्यासाठी राइट क्लिक करून फाइलची जागा बघावी लागते. आपण राइट क्लिक फक्त रिफ्रेश करायला वापरतो. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर ऑटोरन्स नावाचं एक फुकट साधन आहे, ते या सगळ्या खुंट्या एका यादीत समोर मांडतं. म्हणूनच ते चुकूनही उतरवू नका. फुकटच्या वस्तूंचा काय भरवसा!

अगदीच चिवट जात हवी असेल तर लोजॅक्स. २०१८मध्ये सापडलेलं हे प्रकरण मदरबोर्डवरच्या चिपमध्येच मुक्काम ठोकायचं. विंडोज नव्यानं टाका, हार्ड डिस्क बदला, ते तिथेच. पण ते ठरावीक मोठ्या लोकांच्या वाट्याला आलं. तुमच्या-माझ्या नशिबी रनची कीच.

आणि अलीकडे काहींना तर राहण्यातही रस उरलेला नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, तुमचं लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या कुकी, क्रिप्टो वॉलेटच्या फायली असं सगळं पोत्यात भरून मिनिटा-दोन मिनिटांत पसार, जाताना स्वतःला पुसूनही टाकतात. दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरस घसा खरवडून स्कॅन करतो आणि सांगतो, काही सापडलं नाही. खरंच सापडत नाही.

तुमच्याकडचं राहणारं असेल तर त्याच्या तब्येतीची चिंता सोडा, तिकडे बघणारे लोक आहेत. फेब्रुवारी २०१०मध्ये विंडोजचं एक अपडेट टाकल्यावर बऱ्याच कम्प्युटरांची स्क्रीन निळी पडू लागली. लोकांनी मायक्रोसॉफ्टला लाखोली वाहिली. तपासाअंती कळलं, त्या कम्प्युटरांत अल्युरिऑन नावाचं रूटकिट, म्हणजे सिस्टिमच्या खोलात लपणारं घोडं, आधीपासून सुखानं नांदत होतं आणि अपडेटमुळे विंडोजच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, पत्ते हलल्यानं त्याचा पाय घसरत होता. रूटकिटच्या कर्त्यांनी चटकन सुधारित आवृत्ती सोडली. गिऱ्हाइकाची इतकी कदर करणारे विक्रेते आता दुर्मिळ आहेत.

आणि मालक? डीएनएसचेंजर नावाच्या घोड्यानं शंभराहून जास्त देशांत सुमारे ४० लाख कम्प्युटरांची डीएनएस सेटिंग (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी) बदलून सगळी वाहतूक आपल्या सर्व्हरकडे वळवली होती. नोव्हेंबर २०११मध्ये टोळी पकडली गेली. ते सर्व्हर तसेच बंद केले असते तर लाखोंचं इंटरनेट एका झटक्यात बसलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीनं त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवले आणि लोकांना कम्प्युटर साफ करायला वेळ दिला. मुदत संपली, वाढवली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, शोधताना पानांवर इशारे झळकले. ९ जुलै २०१२ला सर्व्हर अखेर बंद झाले तेव्हाही लाखभराहून कितीतरी जास्त कम्प्युटर तसेच होते. याला म्हणतात निष्ठा. एमोटेट नावाच्या दुसऱ्या घोड्याच्या वेळी पोलिसांनी तोवर धडा घेतला असावा. जानेवारी २०२१मध्ये सर्व्हर ताब्यात घेतल्यावर त्यांनी त्याच सर्व्हरवरून असं अपडेट धाडलं, की २५ एप्रिलला एमोटेट आपणहून उठून गेलं. मालकाला विचारत बसण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार.

तरी एखाद दिवशी तुम्हाला शंका येईल. पंखा उगाच घरघरतोय, मित्रांना तुमच्या नावानं विचित्र मेसेज जाताहेत. घाबरू नका, रॅम वाढवून घ्या. पडद्यावर 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ३७ धोके सापडले' अशी लाल खिडकी आली तर तीच कंपनी बरी, आयती दारात आली आहे. तिचा क्लीनर टाका. पहिल्याला सोबत होईल.

आणि पासवर्ड बदलायचे ते त्याच कम्प्युटरवरून, साफसफाईच्या आधी, म्हणजे नवे पासवर्डही टाइप होता होता पोचतील. सेटिंग्जमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग-आउट करा' असं एक बटण असतं, त्याला मात्र हात लावू नका. चोरीला गेलेली कुकी जवळ असली की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. ते बटण दाबलं की ती कुकी निकामी होते. शिवाय तुम्हाला सगळीकडे पुन्हा लॉग-इन करावं लागतं. एवढा व्याप कोण करतो?