बादली, कोंबड्या आणि पस्तीस पाहुणे

आधीच सांगून टाकतो, पीस कॉर्प्सची सेवा करून परत आलेल्यांच्या या मंडळाशी माझा तसा काही संबंध नाही. मी कुठे सेवेला गेलो नाही, कुणाचं भलं केलं नाही, माझे गुन्हे दोनच. एक, माझ्या घराला मोठं बेसमेंट आहे. दोन, मला लेकीला नाही म्हणता येत नाही.

झालं असं की आमची लेक, जन्म ओहायोचा, वाढ ओहायोची, भाकरीला लहानपणी "कार्डबोर्ड" म्हणणारी, ती कॉलेज संपल्यावर २०१८ मध्ये पीस कॉर्प्समध्ये गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही स्वयंसेवकांना परदेशात कामाला पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था, केनेडींनी १ मार्च १९६१ ला सही करून सुरू केली. त्याच्या आधी, निवडणुकीच्या धामधुमीत १४ ऑक्टोबर १९६० ला पहाटे दोन वाजता ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी पोरांना विचारलं होतं की देशासाठी परदेशात जाऊन काम कराल का. आता पहाटे दोनला कुणी काही बोललं तर आपण "हो हो, सकाळी बघू" म्हणतो ना, या लोकांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून दोन लाख चाळीस हजारांच्या वर माणसं जाऊन आलीत. सत्तावीस महिने, त्यातले पहिले तीन ट्रेनिंगचे. गावात राहायचं, गावची भाषा शिकायची, गाव खातं ते खायचं.

लेकीला मिळालं सेनेगल. खेडेगाव, वीज नाही, नळ नाही, विहिरीवरून पाणी आणायचं, डोक्यावर. हे ऐकून आमची ही खुर्चीतच बसली. कारण ही मनमाडची. मनमाडची म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं, तिथे नळाला पाणी येणं हा सण असतो आणि तो कितव्या दिवशी येईल ते पंचांगातही नसतं. आणि मी विक्रोळीचा, कन्नमवार नगर, तिसरा मजला, पहाटे साडेचारला उठून खालून बादल्या चढवण्यात माझं बालपण गेलं. आम्ही दोघं सात समुद्र ओलांडून आलो ते मुख्यतः नळासाठी, करिअर वगैरे नंतरचं. आणि पोरगी म्हणते मी विहिरीवर जाते, स्वतःहून, फॉर्म भरून, इंटरव्ह्यू देऊन, सतरा मेडिकल टेस्ट करून!

"पाणीच भरायचं होतं तर मनमाडला मामाकडे पाठवलं असतं की गं, फॉर्म भरायची गरज नव्हती," ही म्हणाली. पण गेली ती गेलीच.

मग मार्च २०२० आला. जगभरातले सगळे व्हॉलंटियर, साठाच्या वर देशांतले जवळजवळ सात हजार जण, एकदम परत बोलावले, असं त्यांच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. तिला आवरायला दीड दिवस मिळाला. ज्या घरात राहायची त्या घरातल्या बाईने, लेक तिला आईच म्हणते, वाटेत खायला भाजलेले शेंगदाणे जुन्या दारूच्या बाटलीत भरून दिले. ती बाटली अजून तिच्या कपाटात आहे, थोडे शेंगदाणेही आहेत तळाला, खवट झालेत, कुणी हात लावायचा नाही.

आल्यावर दोन आठवडे खोलीतून बाहेर आली नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात बाहेर आली ती "बाबा, घरात बादली नाहीये का" असं विचारत. म्हणे शॉवरखाली अंघोळ केल्यासारखं वाटत नाही, एवढं पाणी वाया जातं. गेलो, हार्डवेअरच्या दुकानातून नारिंगी बादली आणली, मग ती मला शिकवायला बसली की एका बादलीत अंघोळ कशी करायची. मला. कन्नमवार नगरच्या माणसाला. मी गप्प ऐकून घेतलं, मध्येच विचारलं की पाठीला साबण लावायचा असेल तर मग कसं? तिने तेही सांगितलं.

तर अशी परत आलेली माणसं आमच्या शहरात बरीच आहेत आणि त्यांचं एक मंडळ आहे. मंडळाचं नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. वय चोवीसपासून त्र्याऐंशीपर्यंत. महिन्यातून एकदा जमतात, प्रत्येकजण आपापल्या देशातला एकेक पदार्थ करून आणतो, आणि लेकीच्या अपार्टमेंटमध्ये एवढी माणसं मावत नसल्यामुळे ती आमच्या बेसमेंटमध्ये मावतात.

आपल्याकडे दोन माणसं भेटली की "गाव कुठलं, आडनाव काय" होतं ना, तसं यांचं ठरलेलं आहे. "कुठे होतात? किती साली?" एवढं झालं की मग मापं काढायला सुरुवात. पाणी किती लांब होतं, संडास कसला होता, वीज होती का. एकजण म्हणणार आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायची, की दुसरा लगेच, "अरे वा, वीज होती?" ज्याच्याकडे वीज, नळ आणि इंटरनेट तिन्ही होतं त्याला हे लोक "पॉश कॉर्प्स" म्हणतात आणि तो बिचारा डिशमधल्या भाताकडे बघत बसतो. म्हणजे जगात जिथे तिथे माणसं आपल्याकडे काय आहे ते सांगून भाव खातात, इथे काय नव्हतं ते सांगून. पहिल्यांदा मला वाटलं होतं आपण यात सहज नंबर काढू. विक्रोळीचं सांगायला सुरुवातही केली, बादल्या, तिसरा मजला, सगळं. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं आणि एका बाईने प्रेमाने विचारलं, "पण तुम्ही तिथलेच होतात ना?"

तिथलेच होतो. संपलं. तुम्ही जाऊन दोन वर्षं बादली उचललीत तर सेवा, जन्मापासून पंचवीस वर्षं उचललीत तर पत्ता. यांना परत आल्यावर रीॲडजस्टमेंट अलाउन्स मिळतो हो, पुन्हा नळाची सवय व्हावी म्हणून. आम्ही आलो तेव्हा एअरपोर्टवर कुणी चहा विचारला नव्हता.

जेवताना काय बोलायचं याचे नियमही वेगळे. मी कढीचा भुरका मारतोय आणि समोरची अत्यंत सुसंस्कृत, निवृत्त लायब्ररियन बाई बसमध्ये पोट बिघडल्याची गोष्ट सांगतेय, पूर्ण तपशिलासकट, रंगासकट. आणि बाकीचे अशा आनंदाने ऐकतायत जशी काही बैठकीची लावणी चाललीय. त्यात प्रत्येकाची स्वतःची एक गोष्ट आहेच, त्यामुळे ती संपली की पुढची. कढी मी सोडली, गेले चार महिने कोरडं खातो.

आता पदार्थ. लेकीने पहिल्या वेळी जाहीर केलं की मी अस्सल सेनेगली माफे करणार. दोन दिवस तयारी. शेवटी झाकण काढलं तर हिने वाकून वास घेतला आणि म्हणाली, "अगं ही तर शेंगदाण्याची आमटी. मटण घातलंय एवढंच." लेक चिडली. मग चवळी आली, मग अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचं सरबत आलं, त्याला ते बिस्साप म्हणतात, आणि मग एक दिवस बाजरी आली. तिकडे खेड्यात बाजरीच खातात, कुसकुस करून. जी पोरगी आजीने केलेली बाजरीची भाकरी टेबलाखाली कुत्र्याला घालायची, ती आम्हाला डोळे मिटून सांगत होती की या धान्याला काय सुंदर मातीची चव आहे. कुत्रा आता राहिला नाही, नाहीतर साक्षीला उभा केला असता.

आणि या सगळ्यात एक कोंबडीवाले आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, सहा फूट दोन इंच, कानात मशीन. भारतात पीस कॉर्प्स १९६१ ते १९७६ होतं, त्यात हे साठच्या दशकात सातारा जिल्ह्यात कोंबडीपालन शिकवायला होते. पहिल्या दिवशी जिना उतरून खाली आले, माझ्याकडे बघितलं आणि दणदणीत आवाजात, "काय पावनं, बरं हाय का?" माझ्या हातातला ट्रे पडायचाच राहिला. एवढं सातारी मला येत नाही. त्यांचं मराठी पन्नास-साठ वर्षं डब्यात ठेवल्यासारखं जसंच्या तसं आहे, फक्त विषय मर्यादित. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, पांढरी लेगहॉर्न अंडी किती देते, गावरान किती देते. राजकारणावर बोलायचं झालं तरी ते कोंबड्यांमधूनच बोलतात, आणि खरं सांगायचं तर काही अडत नाही.

त्यांनीच मला अडकवलं. मी विक्रोळीचा आहे हे त्यांनी भर सभेत सांगितलं आणि त्या लायब्ररियन बाईंनी छातीवर हात ठेवला. "विक्रोळी! मिस लिलियनची विक्रोळी?" मला आधी कळेना कोण लिलियन. मग कळलं, प्रेसिडेंट कार्टर यांच्या आई. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, नर्स म्हणून पीस कॉर्प्समध्ये नाव घातलं आणि आल्या कुठे तर विक्रोळीला, गोदरेजच्या कॉलनीत, तिथल्या दवाखान्यात काम केलं जवळजवळ दोन वर्षं. मुलगा तेव्हा प्रेसिडेंट वगैरे कुणी नव्हता. आणि मी तिथे पंचवीस वर्षं काढली, लोकल पकडली, वडापाव खाल्ले, मला कुणी सांगितलं नाही! "तुम्ही भेटलात त्यांना?" मी म्हटलं मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. "म्हणजे भेटलाही असाल," बाई म्हणाल्या. तेव्हापासून नवीन कुणी आलं की मला दाखवतात. हे विक्रोळीचे. लोक हात मिळवतात, थोडा जास्त वेळ धरून ठेवतात.

कॅलेंडरचंही सांगायला हवं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं असंच एक मंडळ १९८८ पासून एक कॅलेंडर काढतं, जगभरचे फोटो आणि जगभरचे सणवार, त्या पैशातून कामांना मदत करतात, फार चांगला उपक्रम. आमचं मंडळ ती विकायला मागवतं आणि उरलेली माझ्या गॅरेजमध्ये असतात. मी ऑफिसात विकली, मंदिरात विकली, दाताच्या डॉक्टरला विकली. हिने मात्र कालनिर्णयशेजारी खिळा मारू दिला नाही. "यात मंगोलियाचं नवीन वर्ष आहे, संकष्टी कुठाय?"

तर यंदाचा मार्चचा पहिला शनिवार, पीस कॉर्प्सच्या वाढदिवसाचं जेवण, पस्तीस माणसं. बाहेर बर्फ, आत माफे, पुरी, कसलातरी मंगोलियन सूप, आणि बरोबर साडेसातला किचनचा नळ खोकला, दोनदा फुसफुसला आणि बंद. शेजाऱ्याला फोन केला, तर रस्त्याखालची मेन पाइप फुटलीय, रात्रभर काही खरं नाही. मी हिला कोपऱ्यात घेतलं, म्हटलं बोलू नकोस, आत्ताच जेवायला बसलेत, हळूहळू कटवू. तेवढ्यात आजोबा बाथरूममधून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत म्हणाले, "कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, पावनं. पाणी गेलंय."

आणि मग त्यांनी ते इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं.

मला वाटलं आता लोक कोट घालतील. अहो, चेहरे उजळले! इतकी वर्षं जमतात पण इतका आनंद मी कधी बघितला नाही. पॉश कॉर्प्सवाला सगळ्यात आधी उठला, आयुष्यात पहिल्यांदा संधी मिळालेली. मंगोलियावाले दोघं माझी मोठी पातेली घेऊन अंगणात, बर्फ भरायला. निवृत्त लायब्ररियन बाई बाथरूमच्या दारात उभ्या राहून फ्लशचं लेक्चर द्यायला लागल्या, पाणी बारीक धारेने ओतायचं नाही, उंचावरून, एका दमात. त्यावर वाद. कुणी म्हणे पाच लिटर लागतं, कुणी म्हणे तीनात होतं, आमच्याकडे दोनात करायचे. लेक नारिंगी बादली घेऊन मधोमध उभी, सेनापतीसारखी. आणि आजोबा मला विचारतायत, "तांब्या कुठं ठिवलाय?"

वितळलेला बर्फ मात्र एवढुसा झाला. पातेलंभर बर्फाचं चार पेले पाणी, त्यात झाडाची पानं. पस्तीस माणसं, त्यात ऐंशीच्या पुढचे तिघं. उत्साह जरा ओसरला, कुणीतरी घड्याळ बघितलं.

तेव्हा ही उठली. काही न बोलता लाँड्री रूममध्ये गेली, ड्रायरच्या मागचा पडदा बाजूला केला. तिथे पडदा आहे हे मला माहीत होतं. मागे पाच-पाच गॅलनचे सहा कॅन होते, झाकणावर स्वच्छ फडकी बांधलेली, ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, हे कधीपासून?"

"आलो तेव्हापासून. दर सोमवारी बदलते."

सव्वीस वर्षं आम्ही त्या घरात राहतोय.

हिने पहिला कॅन बाहेर आणला तेव्हा बेसमेंटमध्ये कुणीच बोललं नाही. मग आजोबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे उभे राहिले. ही ओशाळली, पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली आणि तांब्याने मापून पाणी द्यायला लागली, प्यायचं वेगळं, हात धुवायचं वेगळं, तिसरं विचारून. रांग लागली. रांगेच्या शेवटी एक नवीन पोरगा होता, नुकताच पॅराग्वेहून आलेला, त्याला आमच्या घरचं काहीच माहीत नाही. पेला पुढे करत त्याने हिला अगदी आदराने विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

"मनमाड."

"किती वर्षं?"

"बावीस," ही म्हणाली, आणि त्याचा पेला अर्धाच भरला.