फुल टिकीट

आमच्या घरात फुल टिकीट काढणारा माणूस मी एकटा. आई शहात्तरची, तिला एसटी फुकट. बायकोला अर्धं. पोरगी नऊ वर्षांची, तिलाही अर्धं. कंडक्टर मशीन घेऊन आमच्या बाकापाशी आला की त्या तिघींशी गप्पा मारतो आणि माझ्याशी फक्त सुट्ट्या पैशांचं बोलतो.

सध्या घरात हात आवळून खर्च चाललाय. गरिबी म्हणावी तर तीही नाही, कारण बैठकीत आढ्यापर्यंत कापूस पडलाय. त्याचा पैसा तेवढा होत नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल हमीभाव आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की खरेदी केंद्रावरून गाडी परत. तेव्हा वाळेपर्यंत तो घरात आणि आम्ही त्याच्यावर. गादी अशी की राजाला मिळायची नाही, खाजही तशीच. मुक्कामाला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो. ही बचत मी कुठं लिहून ठेवत नाही, पण धरतो.

तर सोमवारचा बाजार. गाव ते तालुका १८ किलोमीटर, खिशात पाचशेची एक नोट. मी पिशवी उचलली तर आई लुगडं बदलून ओट्यावर तयार.

"तू कायले येतं? थंडी आहे."

"फुकट आहे तं घरी काऊन बसू?"

२०२२ मध्ये पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हापासून ही बाई म्हातारी व्हायची वाट पाहत होती. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे, त्यामुळं त्या सगळ्या एकाच सकाळी स्टँडवर हजर झाल्या होत्या.

आई निघाली म्हणून बायको निघाली, बायको निघाली म्हणून पोरगी. हिशेब सोपा जावा म्हणून फुल टिकीट तीस रुपये धरा. बाजारात उतरल्याबरोबर आईनं हात पुढं केला.

"काय?"

"माह्ये येणं-जाणं साठ रुपये वाचले नं? ते दे."

मी समजावलं की वाचलेले पैसे म्हणजे मुळात न गेलेले पैसे. ती म्हणाली, "गेले नाईत तं तुह्याजवळच असतीन. दे." यावर अजून मला उत्तर सापडलेलं नाही. बायको इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "अहो, मग माझे तीस." पोरीनं काही न बोलता नुसती ओंजळ केली.

चौघांचं सगळं फुल धरलं असतं तर जाऊन-येऊन २४० रुपये झाले असते. सवलतीमुळं १२० झाले आणि वाचलेले १२० मी वाटले. एकूण २४०. सरकारची सवलत आमच्या घरात शिरते ती अशी.

उरलेल्या २६० मध्ये तेल, चहापत्ती, वांगे. तुरीचे सोले घरच्या शेतातले, तेवढा आधार. सांभार, म्हणजे कोथिंबीर, मी मागून घेतला; वांगेवालीनं दिला, पण तोंड वाकडं करून. लसणाचा भाव ऐकून मी बायकोकडं पाहिलं, तिनं दुसरीकडं पाहिलं. तरी पावशेर घेतलाच, आणि तिथंच घोळ झाला. परतीचे साठ रुपये मी कोणत्या खिशात वेगळे ठेवले होते ते लसणाचे पैसे देऊन झाल्यावर आठवलं.

वर गाडीही चुकली. काळी-पिवळीवाला ओरडत होता, पण तिथं सगळेच फुल. "फुल देऊन मी नाई बसत," आई म्हणाली, जणू तिला कोणी पंक्तीतून उठवलं होतं. पुढच्या गाडीला दीड तास. स्टँडवरच्या बाकावर आम्ही चौघं ओळीनं बसलो.

आईनं बटवा सोडला. चार आलुबोंडे, वरून रस्सा, आणि दोन चहा चौघांत. थंडीत तो रस्सा नाकातून पाणी काढत होता. पोरगी म्हणाली, "आज्जी, गाडी दर वेळी चुकली पाह्यजे." मलाही तसंच वाटत होतं, पण मी घरचा कर्ता, मी घड्याळाकडं पाहिलं.

गाडी आली. माझ्याकडं टिकिटाला पैसे नाहीत हे मी बायकोच्या कानात सांगितलं. तिनं तीस दिले, पोरीनं तीस दिले. पोरीनं "परत कधी?" असंही विचारलं. कंडक्टरनं आईला आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं टिकीट फाडून दिलं. ते तिनं नोटेसारखं घडी करून बटव्यात टाकलं.

रात्री कापसावर बसून ती टिकिटं मोजत होती.

"आता हे काय?"

"मांगच्या महिन्यात एकटीच फिरली, त्याची. चौदा आहेत. तीसनं चारशे वीस झाले," ती म्हणाली. "कापूस विकला का देजो."