खरं छापलं, पण साक्षीला कोण?

‘खरं छापलंय ना? मग घाबरता कशाला?’ अब्रुनुकसानीची नोटीस आली की पत्रकाराला सगळे हेच विचारतात. तालुक्याच्या एका साप्ताहिकात होतो तेव्हा मलाही विचारलं होतं. एका ठेकेदाराच्या निकृष्ट रस्त्याची बातमी होती आणि ती खरी होती. पण ज्याने कागद आणून दिले, तो म्हणाला, ‘साहेब, कोर्टात माझं नाव नको.’ पुढच्या अंकात आम्ही दिलगिरी छापली. ते अजून सलतं.

म्हणूनच मला 1862 चा मुंबईतला महाराज लायबल (म्हणजे लेखी बदनामीचा) खटला पुन्हा पुन्हा आठवतो. करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लिहिलं, म्हणून जदुनाथजी महाराजांनी 50,000 रुपयांचा दावा लावला. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, असं त्यांच्या अनुयायी भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. त्या कटाचा वेगळा खटला चालला, त्यांना दंड झाला. आणि मग डॉ. भाऊ दाजी लाड कोर्टात उभे राहिले! महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल त्यांनी शपथेवर सांगितलं. रुग्णाची गोष्ट डॉक्टरने उघड करावी का, हा प्रश्न मला आजही अवघड वाटतो. पण अशा साक्षी झाल्या नसत्या, तर करसनदासांचं खरं कागदावरच राहिलं असतं. लिहिलेलं खरं आहे, हा त्यांचा बचाव कोर्टाने मान्य केला.

वीस वर्षांनी कोल्हापूर प्रकरणात उलट घडलं. कोल्हापूर संस्थानचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्धची जी पत्रं टिळक-आगरकरांनी खरी मानून छापली, ती बनावट ठरली. दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. हेतू स्वच्छ होता, पुरावा टिकला नाही.

आज दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत मात्र नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मजकूर खरा असून भागत नाही, तो लोकहितासाठी छापला हेही दाखवावं लागतं, आणि ते सिद्ध करायचं आरोपीने. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने बदनामीबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम 499 वैध ठरवलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. बदनामीची भरपाई दिवाणी कोर्टात मागा, जरूर मागा. त्यासाठी तुरुंग कशाला?

कागद आणून देणाऱ्या त्या माणसावर माझा राग नाही. त्याचा मुलगा त्याच ठेकेदाराच्या डंपरवर ड्रायव्हर होता.