ऑइलच्या बाटलीची मागची बाजू वाचा

'इंजिन ऑइल एकाच नामांकित कंपनीचं घ्या. कंपनी बदलली की इंजिन बसतं. दोन कंपन्यांची ऑइलं एकत्र आली तर फाटतात. महाग तेच चांगलं.' हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो, गॅरेजातही ऐकू येतो. देणारे काळजीपोटी देतात, पण त्यापायी गाड्यांचं नुकसान होतं.

नामांकित कंपनी घेतली की झालं? माझ्या भावाची मोटारसायकल मध्यंतरी खंबाटकी घाट चढेना. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडायचं आणि गाडी रेंगाळायची. ऑइल नुकतंच बदललेलं, नेहमीच्याच कंपनीचं, १०डब्ल्यू-३० हा घट्टपणाचा ग्रेडही तोच. चुकलं होतं एक अक्षर. बाटली स्कूटरच्या ऑइलची होती, मानक जासो एमबी. त्याच्या गाडीला हवं होतं एमए. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. ऑइल जास्त निसरडं असेल तर त्या एकमेकींना धरत नाहीत. जासो हे जपानी मानक नेमकं हे घर्षण मोजतं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एमबी चालतं. कंपनी तीच होती, तरी भावाला क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या.

कंपनी बदलली की इंजिन बसतं, हे तर मुळातच चूक. ऑइल म्हणजे बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, आणि त्यात मिसळलेली रसायनं. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम, दोघांच्याही रिफायनऱ्यांत बेस ऑइल तयार होतं. रसायनांचा जगातला बहुतेक पुरवठा लुब्रिझोल, इन्फिनियम, आफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट या चौघांकडून येतो. पाककृती थोडीफार वेगळी असते, पण एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या एसएन किंवा एसपी दर्जाचं म्हणवून घ्यायचं तर त्या दर्जाच्या ठरलेल्या इंजिन चाचण्या सगळ्यांनाच पार कराव्या लागतात.

फाटण्याची भीतीही सोडा. एपीआयचा परवाना हवा असेल तर इतर ऑइलांत नीट मिसळणं ही अटच आहे. डिपस्टिकवर पातळी खाली दिसत असताना 'आपली' कंपनी मिळेपर्यंत तसंच गाडी हाकणं कितीतरी घातक.

आणि महाग तेच चांगलं? एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर बसला. अडकलेली काजळी जळून जाते. ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती साचत जाते. म्हणून बऱ्याच गाड्यांना कमी राखेचं, एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या 'सी' वर्गातलं ऑइल सांगितलेलं असतं. ते सोडून दुसरं कितीही महाग ऑइल घातलं तरी फिल्टर लवकर भरणारच.

कंपनीला अजिबात महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. बनावट माल बाजारात आहे, तेव्हा ओळखीचं दुकान आणि शाबूत सील हवंच. मॅन्युअलमधला ग्रेड आणि मानक बाटलीच्या मागच्या बाजूवर शोधा. 'अमुक मानकासाठी योग्य' आणि 'अमुक मानकाची मान्यता मिळालेलं' यांत फार अंतर आहे. पहिलं विकणारा स्वतःच लिहितो. ऑइल बदलून झालं की रिकाम्या बाटलीला भोक पाडूनच ती टाका, कारण अशाच बाटल्या भरून पुन्हा विकल्या जातात.