स्वमत पाठ झालं का?

तुमचं मूल हत्ती जांभळा रंगवतं का? गोष्ट संपल्यावर 'पण राक्षसाची आई कुठे होती?' असं विचारतं का? घाबरून जाऊ नका, हा कल्पनाशक्तीचा आजार आहे. पहिलीत घातलं की बहुतेकांना उतार पडतो. पालकांनी मात्र मधे लुडबुड करू नये.

सुरुवात चित्रापासून. दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, तिथूनच निघून थेट झोपडीच्या दारात येणारी नदी आणि बाजूला नारळाचं झाड. गडचिरोलीच्या मुलाच्या दारात मोह असला तरी चित्रात नारळच हवा, उगाच आजूबाजूला बघायची सवय लागते. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा येतील. त्यातल्या स्मरणचित्रासाठी, म्हणजे पाहिलेलं आठवून काढायच्या चित्रासाठी, 'भाजी मंडई' घोटून घ्या: एक पाठमोरी बाई, दोन टोपल्या, एक छत्री. पेपरात 'बसस्टॉप' आला तर टोपल्यांच्या जागी बॅगा. बाई तीच, फक्त बसची वाट बघतेय. इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांना उपयोगी पडते. नाहीतर कला हवीय कुणाला?

खरा धोका निबंधात. 'सूर्य उगवला नाही तर...' असा विषय आला की आजारी मूल लिहितं, 'आजीचे पापड वाळणार नाहीत आणि ती दिवसभर सूर्याला शिव्या देईल.' वहीवर लाल शाईत 'विषयांतर' असा शेरा येतो. शहाणं मूल गाईडमधला निबंध उतरवतं. त्यात आधी अंधार, मग झाडांचं अन्न, मग मानवजातीचं भवितव्य आणि शेवटी, 'इतक्यात आईने हाक मारली आणि माझे स्वप्न भंगले.' गेल्या कित्येक पिढ्यांची स्वप्नं याच हाकेने भंगत आली आहेत, तुमच्या मुलाने वेगळं काय घोडं मारलंय?

एवढ्यानेही गुण आला नाही तर दहावीत रामबाण औषध आहे. घोकंपट्टी थांबावी म्हणून दहावीला भाषा विषयांत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. तिच्यात 'स्वमत' नावाची कृती असते, म्हणजे मुलाने आपलं मत आपल्या शब्दांत मांडायचं. हेतू चांगला होता, हे कबूल करायला हवं. पण बाजारही झोपलेला नव्हता, तयार स्वमतं छापून दुकानात आली. आता मूल म्हणालं, 'आई, मला तसं वाटत नाही,' तर न चिडता सांगा, 'तुला काय वाटतं ते परीक्षेनंतर. आधी गाईडमध्ये तुझं मत काय दिलंय ते बघ.' रात्री झोपण्यापूर्वी एकदा म्हणूनही घ्या. स्वमतात काना-मात्रा चुकता कामा नये.

आणि हो, बरं झालेलं मूल ओळखायचं कसं? आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन असतं, म्हणजे शिक्षकांनी वर्षभर मूल बघून नोंदी करायच्या. त्यातल्या वर्णनात्मक नोंदी वाचा. नोंदींची यादी मोबाईलवर फिरत असते. पटावरची साठ मुलं, त्यात निवडणुकीचं काम, बाईंनी तरी किती निरीक्षण करायचं? तुमच्या मुलापुढे लिहिलेलं असेल, 'स्वतःच्या कल्पनेने चित्रे रंगवतो.' मुलगी असेल तरी 'रंगवतो'च असेल. सही खाली करा, पालकांच्या रकान्यात.