अमेरिकेच्या घटनाकारांवर टाळ्या घेणारं व्याख्यान कसं द्यावं

परवा एका व्याख्यानाला दोन तास बसून आलोय, मान अजून अवघडलेली आहे. एवढं ज्ञान एकट्यानं पचवणं बरं नव्हे. तुम्हाला कुणी अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलायला बोलावलंच, तर या सूचना हाताशी असू द्या.

सुरुवात 'घटनाकारांना हेच अभिप्रेत होतं' अशी करावी. काय अभिप्रेत होतं ते बोलता बोलता ठरवता येतं.

'लोकशाही' हा शब्द दर चौथ्या वाक्यात यावा. मूळ घटनेत तो एकदाही नाही, पण श्रोते कुठे मोजायला बसलेत!

सत्तेची वाटणी शिकवणाऱ्या फ्रेंच विचारवंताचं, माँटेस्क्यूचं, नाव घेताना चष्मा काढावा.

घटना जेफरसननं लिहिली, असं ठणकावून सांगावं. १७८७च्या त्या उन्हाळ्यात तो अमेरिकेचा दूत म्हणून पॅरिसमध्ये होता, असं कुणी आगाऊ श्रोता उठून म्हणालाच, तर 'तपशिलात अडकू नका, आशय बघा' असं हसून सांगावं आणि त्याच्या हातातला माईक काढून घ्यायला लावावा. (आगाऊ श्रोता मीच.)

आता मुख्य सूचना. घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेले पंचावन्न जण म्हणजे एका विचाराचे ऋषी, असं चित्र रंगवावं. ऱ्होड आयलंडनं माणूसच पाठवला नव्हता, हे गिळावं. घटनेआधीच्या जुन्या कॉन्फेडरेशनच्या, म्हणजे राज्यांच्या सैल संघाच्या, काँग्रेसला कर लावता येत नव्हता, तिला राज्यांपुढे हात पसरावे लागत. त्यातच मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज नावाच्या बंडखोराच्या मागे बंदुका उचलल्या आणि मालदारांच्या पोटात गोळा आला, हेही गिळावं. लहान राज्यं मोठ्यांवर गुरगुरत होती, म्हणून एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि दुसऱ्यात सगळ्यांना सारख्या. याला तुम्ही 'दूरदृष्टी' म्हणा; भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून आठवडेच्या आठवडे केलेली घासाघीस होती ती! आणि गुलाम? जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, मत मात्र एकालाही नाही. १८०८पर्यंत त्यांच्या आयातीवर बंदी घालायची नाही, असंही लिहून घेतलं. 'गुलाम' हा शब्द तेवढा कागदावर येऊ दिला नाही, 'इतर व्यक्ती' म्हणून भागवलं. लाज होती म्हणायची! यावर आमच्या वक्त्यांचं उत्तर काय, तर 'काळच तसा होता'. काळ? स्वतः गुलाम बाळगणाऱ्या जॉर्ज मेसननं त्याच सभागृहात या व्यापाराला नरकातला धंदा म्हटलं होतं. कोणत्या काळात होता तो? हाच मेसन, रँडॉल्फ आणि गेरी शेवटच्या दिवशीही तिथं होते आणि तिघांनीही सही केली नाही. सह्या केल्या एकोणचाळीस जणांनी. त्यांतला एक्याऐंशी वर्षांचा फ्रँकलिन तर म्हणाला की यातलं काही मला आज पटत नाही, तरीही मी मान्यता देतो.

जाऊ दे, नाही जमत मला असं गोड बोलणं. अहो, माणसं देवदूत नसतात, म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनं अडवायचं, हे त्या पंचावन्नांतल्याच जेम्स मॅडिसननं स्वच्छ लिहून ठेवलंय. ज्यांनी स्वतःवरसुद्धा भरवसा ठेवला नाही, त्यांचेच तुम्ही देव्हारे मांडता? पंचावन्न भांडकुदळ माणसांची भांडणं मॅडिसननं रोजच्या रोज टिपून ठेवली, १८४०मध्ये ती छापून आली. दोन तास बोलायच्या आधी त्यातली दोन पानं चाळायला काय हरकत होती? आणि माझा प्रश्न अर्धाच झाला होता.