दीडपट वेगाने काटकसर

काटकसर आमच्या घरात पिढ्यानपिढ्या गुपचूप चालत आली होती. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले, मोकळा वेळ आणि नवा मोबाइल त्यांच्या हाती एकदमच आला, आणि तेव्हापासून या काटकसरीला वाचा फुटली. प्रथम त्यांनी शेअर बाजाराविषयीचे पॉडकास्ट ऐकले, मग मधुमेहाविषयीचे ऐकले, आणि अखेर ऊर्जाबचत व शाश्वत जीवनशैली या विषयापाशी येऊन ते स्थिरावले. शेअर बाजार आणि मधुमेह यांचा उपद्रव निदान त्यांच्यापुरता मर्यादित होता. ऊर्जाबचत मात्र न्हाणीघरापासून देवघरापर्यंत कुठेही शिरते. त्यातच इअरफोन घातले की त्यांचे कान दुखतात, म्हणून सगळे स्पीकरवर लागते, आणि सकाळच्या चहापासून रात्री अंथरुणे पडेपर्यंत आमच्या नागपूरच्या घरात कोणीतरी अत्यंत समजूतदार आवाजात आम्हाला पृथ्वीची काळजी घ्यायला सांगत असते.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते, हे मी इतक्या मुलांना सांगितले आहे की त्यातली काही आता स्वतः विजेची बिले भरत असतील. शहराच्या उत्तरेला कोराडीचे औष्णिक केंद्र आहे, तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात, आणि तिकडे दक्षिणेला चंद्रपूरचे केंद्र तर २९२० मेगावॅटचे आहे. तेव्हा आपले बटण दाबले की कुठेतरी कोळसा जळतो ही आम्हा वैदर्भीयांसाठी काही कविकल्पना नव्हे. ऊर्जाबचतीशी माझे वैर असण्याचे कारणच नाही. माझी तक्रार आहे ती हे पॉडकास्टवाले बोलायला नेमके काय निवडतात याविषयी, आणि ते बोलायला त्यांना किती वेळ लागतो याविषयी.

बहुतेक भागांचा क्रम ठरलेला असतो. आधी बासरी वाजते. मग निवेदक आपल्या आजीची आठवण सांगतो. ही आजी पाणी वाया घालवत नसे आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवत असे. मग पाहुण्याची ओळख होते; पाहुणा परदेशातली मोठी नोकरी सोडून परत आलेला असतो आणि ती किती मोठी होती हे त्याच्या सविस्तर लक्षात असते. मग जाहिरात येते, जी दहा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या सेवेची किंवा स्वस्त विमान तिकिटांची असते. या सगळ्यातून पार पडून, आमची भाजी चिरून, फोडणीला पडून, शिजून झाल्यावर पाहुणा आपला पहिला सल्ला देतो: फोन भरून झाला की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा.

हा सल्ला ऐकल्यापासून हे दिवसातून कितीतरी वेळा घरभर चार्जर शोधत हिंडतात. मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. फोन न जोडता नुसताच सॉकेटमध्ये राहिलेला आजचा बरा चार्जर फार तर ०.३ वॅट वीज खातो. म्हणजे महिनाभर तो तसाच राहिला तरी एक युनिटचा जेमतेम पाचवा हिस्सा होतो. उलट आमच्या गीझरमधले पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर एकदा तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते. चार्जरच्या तीन महिन्यांच्या पापाची बरोबरी यांची एक आंघोळ करते. दोन हजार वॅटचा तो गीझर विनाकारण एक मिनिट चालू राहिला, तर तेवढ्या विजेत नऊ वॅटचा एलईडी दिवा पावणेचार तासांच्या आसपास जळला असता. मात्र नोव्हेंबर महिन्यात गीझरचे बटण दाबून हे वर्तमानपत्र वाचायला बसतात आणि राशिभविष्यापर्यंत उठत नाहीत. तेवढ्यात मी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून अंगणात गेले, तर "अगं, दिवा!" अशी आरोळी येते.

चार्जरला पॉडकास्टमध्ये एवढा मान का, यावर मी बराच विचार केला आहे. चार्जर काढल्याने कोणाचेही काही अडत नाही. गीझरला हात घातला की गरम पाण्याला हात लागतो, एसीला घातला की झोपेला लागतो, आणि विमानप्रवासाला घातला की जाहिरातदारालाच लागतो. ज्या सल्ल्याने श्रोता दुखावणार नाही आणि तरी त्याला आपण काहीतरी केले असे वाटेल, असा सल्ला शोधत गेले की माणूस चार्जरपाशीच पोहोचतो.

न्यायाने सांगायचे तर एक सल्ला खरोखर मोलाचा निघाला. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो आणि जवळजवळ तेवढीच वीज खात राहतो. तो दहा वॅटचा धरला, तर चोवीस तासांप्रमाणे महिन्याला सात युनिटांहून अधिक होतात, आणि ही काही चार्जरसारखी चिल्लर नव्हे. यांनी तो भिंतीवरच्या बटणापासून बंद करायला सुरुवात केली, आणि मी प्रथमच त्यांचे मनापासून कौतुक केले. परंतु पूर्ण झोपवलेला सेट टॉप बॉक्स जागा व्हायला त्याचा तो वेळ घेतो. संध्याकाळी सातला सासूबाई हात जोडून टीव्हीसमोर बसल्या, आणि पडद्यावर नुसते एक चक्र गरगर फिरत राहिले. मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढले की नाही हे कळायला त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाची वाट पाहावी लागली. "बारा महिने पॉडकास्ट ऐकते अन् माह्या मालिकेची वीज वाचवते," एवढेच त्या म्हणाल्या. आता तो बॉक्स रात्री दहाला बंद होतो आणि संध्याकाळी पावणेसातला त्या स्वतः उठून तो लावतात. ऊर्जाबचतीचा आमच्या घरात टिकलेला हा एकमेव तह आहे.

विलायती पॉडकास्टची कथा वेगळी. इंग्लंडमधल्या कोणा बाईंचा मधाळ आवाजातला कार्यक्रम यांनी ऐन मे महिन्यात लावला. बाहेर पंचेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रे नाही, आणि या बाई सांगत होत्या की घराचा थर्मोस्टॅट एक अंशाने खाली आणा, स्वेटर घाला, दाराखालच्या फटीत कापडाची लांब गुंडाळी ठेवा आणि बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान साठ अंशांवर आणा. तिकडच्या थंडीत हे सल्ले अगदी योग्य आहेत. इकडे आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी दोन वाजता नळातून असे येत होते की भांडी घासणारी बाई हात झटकून मागे सरली. हे मात्र वहीत टिपून घेत होते.

देशी कार्यक्रम तरी जवळचे असावेत, तर ते बहुधा बेंगळुरूहून येतात. तिथला एक वास्तुरचनाकार सांगत होता की घराच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की वारा खेळतो आणि एसी लागत नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर जे खेळते त्याला आम्ही लू म्हणतो. पुढे मात्र त्याच वास्तुरचनाकाराने एक प्राचीन भारतीय तंत्र सांगितले: पाण्याने भिजवलेल्या सुगंधी गवताच्या पडद्यातून वारा खेचला, की पाण्याचे बाष्पीभवन होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि गार हवा मिळते. हे धावत स्वयंपाकघरात आले. असे काही आपल्याकडे बसवता येईल का, असे त्यांनी मला अत्यंत गांभीर्याने विचारले. कूलरच्या पंपाचे काम करायला आलेला माणूस तेव्हा खिडकीपाशीच बसला होता. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "त्याले कूलर म्हणते, काका. मार्चमध्ये मीच तर ताट्या बदलून गेलो नं." दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर दीड हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो आणि आमचा कूलर दोनशेच्या आसपास. त्या प्राचीन तंत्राची माहिती ज्या मोबाइलमधून येत होती, त्या मोबाइलच्या पाठीमागे तो कूलर घरघरत होता आणि त्याच्यामुळे नीट ऐकू येत नाही म्हणून यांनी तो मघाशीच कमी केला होता.

दिवाळीत नातू आला आणि त्याने आजोबांना दीडपट वेगाने ऐकण्याची सोय दाखवली. तेव्हापासून आमच्याकडचे सगळे पर्यावरणतज्ज्ञ शेवटची बस सुटत असल्यासारखे बोलतात. तासाचा भाग चाळीस मिनिटांत संपतो, आणि उरलेल्या वीस मिनिटांत आम्हाला शांतता मिळेल असे मला भाबडेपणाने वाटले होते. त्या वीस मिनिटांत दुसरा भाग सुरू होतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे सांगून ठेवले आहे. वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, कारण स्वस्त पडू लागलेली वाफ लोक अधिक ठिकाणी वापरू लागले. त्याने हे कोळशाविषयी सांगितले. पॉडकास्टविषयी आणि आमच्या पंख्यांविषयी ते तंतोतंत खरे आहे. यांनी हौसेने कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे बसवले. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेई, हा तीसच्या आतबाहेर घेतो. पूर्वी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करण्याची यांची सवय अशी पक्की होती की खोलीत मी बसलेली असतानाही तो बंद होई. आता तो रिकाम्या खोलीत दिवसभर फिरतो, आणि विचारले तर उत्तर मिळते, "असू दे, तो काहीच खात नाही."

मध्यंतरी मला वाटले की पॉडकास्टच पॉडकास्टवर उलटेल. इंटरनेटवर व्हिडिओ पाहण्याने किती कार्बन हवेत जातो, यावर एक भाग लागला होता. फ्रान्सच्या 'द शिफ्ट प्रोजेक्ट' या संस्थेच्या आकड्यावरून २०१९ मध्ये असे पसरले होते की अर्धा तास व्हिडिओ पाहणे म्हणजे चार मैल मोटार चालवणे. हे चपापले. परंतु पुढे त्या हिशेबात बिट आणि बाइट यांची गल्लत झाल्याचे संस्थेनेच मान्य केले. एका बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे आकडा आठपटीने फुगला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मांडलेल्या हिशेबात तासाभराच्या व्हिडिओचा कार्बन छत्तीस ग्रॅमच्या आसपास निघाला. नुसत्या आवाजाला तर याहून पुष्कळच कमी माहिती वाहून न्यावी लागते. यांना अशा रीतीने सन्मानपूर्वक मोकळे सोडण्यात आले, आणि माझी शेवटची आशा एका आठाने भागली गेली.

खरा प्रसंग ओढवला तो मुलीच्या सासरची मंडळी आली तेव्हा. विहीणबाईंना कॉफी आवडते म्हणून मी मुद्दाम घट्ट दुधाची केली होती. त्यांनी पहिला घोट घेतला आणि हे म्हणाले, "या एका कपामागे किती लिटर पाणी खर्च होतं, ठाऊक आहे? एकशे चाळीस." पाण्याच्या पदचिन्हाचा, म्हणजे एखादी वस्तू तयार होईपर्यंत लागणाऱ्या एकूण पाण्याचा, हा आकडा अभ्यासकांनीच काढलेला आहे, आणि त्यात कॉफीच्या बागेतल्या झाडावर पडलेल्या पावसाचाही समावेश असतो, हे मी घाईघाईने समजावून सांगितले, पण विहीणबाईंनी कप खाली ठेवला होता. व्याह्यांनी आपला सुती सदरा नकळत ओढून घेतला. बरे झाले, कारण सदऱ्याचा आकडा दोन हजारांच्या वर आहे आणि तो यांना पाठ होता.

आता यांनी स्वतःचा मराठी पॉडकास्ट काढायचे ठरवले आहे. पहिला भाग एसीवर: ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी सुरू होतात ते चोवीस अंशांवर, तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि महिन्याचे तीनशेएकावे युनिट कसे महागात पडते. पाहुणी म्हणून मला बसवले. ध्वनिमुद्रणात घरघर येते म्हणून कूलर बंद केला. माइकमध्ये वाऱ्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. जूनचा पहिला आठवडा होता. खिडक्या लावलेल्या खोलीत घामाच्या धारा लागल्यावर त्यांनी, तो एकटाच काय तो शांत चालतो म्हणून, एसी लावला, आणि लवकर गार व्हावे म्हणून वीस अंशांवर नेला.

मला जे सांगायचे होते ते मी चार मिनिटांत सांगितले: गीझर वेळेवर बंद करा, कूलर चालतो तोवर एसी लावू नका, एसी लावलाच तर सव्वीसवर ठेवून सोबत पंखा चालवा, आणि सेट टॉप बॉक्स भिंतीवरून बंद करा. हे माझ्याकडे पाहत राहिले.

"अगं, भाग चाळीस मिनिटांचा आहे."

"मग?"

"उरलेली छत्तीस मिनिटं काय बोलायचं?"

मी जरा विचार केला आणि चार्जरवर बोलायला सुरुवात केली.